कृष्ण ऊर्जा : संज्ञा आणि अनुमान

दीर्घिका आपल्यापासून जितक्या दूर, तितक्या अधिक वेगाने त्या दुरावत आहेत, हे हबल यांनी १९२९ साली दाखविले. या प्रसरणाचा वेग उत्तरोत्तर वाढत आहे, असा निष्कर्ष १९९८ साली दोन स्वतंत्र संशोधकगटांनी काढला. या वेगवृद्धीच्या कारणास 'कृष्ण ऊर्जा' ही संज्ञा रूढ झाली. नाव मिळाले की वस्तूही हाती आली असे वाटू लागते. येथे तसे झालेले नाही. काळी वस्तू प्रकाश शोषून घेते. ही ऊर्जा प्रकाश शोषीत नाही आणि देतही नाही. तेव्हा येथे 'कृष्ण' म्हणजे 'अज्ञात' एवढाच अर्थ घ्यावयाचा.

प्रत्यक्षात दिसले ते इतकेच की, स्फोट पावणारे काही विशिष्ट तारे, म्हणजे सुपरनोव्हा, अपेक्षेहून मंद होते. मंद म्हणून दूर, आणि दूर म्हणून मधल्या काळात प्रसरण वेगावलेले, अशी ही अनुमानपरंपरा आहे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत मंदपणा हा हेतू व दूरत्व हे साध्य होय. दूर नसतानाही प्रकाश अन्य कारणाने मंद होत असेल, तर हेतू सव्यभिचार ठरतो.

कारण सांगणाऱ्या प्रतिमानांपैकी सर्वांत साधे आइन्स्टाइन यांच्या १९१७ सालच्या विश्वस्थिरांकाचे. अंतरे दुप्पट झाली की आकारमान आठपट होते व द्रव्याची घनता एक-अष्टमांश उरते. विश्वस्थिरांकाशी निगडित ऊर्जेची घनता मात्र तेवढीच राहते. द्रव्याचे आकर्षण असे क्षीण होत गेले की अखेर प्रतिसारणाचे पारडे जड होते. अडचण अशी की, रिक्त अवकाशाच्या ऊर्जेचा पुंजसिद्धान्तावरून केलेला ढोबळ अंदाज निरीक्षित मूल्याच्या १०चा सुमारे १२०वा घात इतक्या पट भरतो! म्हणून काही सिद्धान्ती स्थिरांकाऐवजी कालानुसार बदलणारे क्षेत्र कल्पितात.

वेगवान प्रसरणाची कल्पना मात्र १९९८ची नव्हे. बाँडी, गोल्ड व हॉइल यांच्या १९४८ सालच्या स्थिरस्थिती सिद्धान्तात ती अनुस्यूतच होती : नवे द्रव्य सतत निर्माण होऊन घनता कायम राहते आणि प्रसरण वेगावत जाते. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी हॉइल यांच्यासह या निर्मितीला ऋण ऊर्जेच्या क्षेत्राचे गणिती अधिष्ठान दिले. वारणानगरच्या वाचकाला हा विषय तितकासा परका वाटू नये, तो यामुळे. १९६५ साली सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण सापडल्यावर तो सिद्धान्त बहुतेकांनी सोडला. परंतु १९९३ साली हॉइल, बर्बिज व नारळीकर यांनी त्याचे सुधारित रूप मांडले. पुढे २००२ साली नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपरनोव्हांच्या मंदपणाचे निराळे स्पष्टीकरण दिले : आंतरदीर्घिकीय अवकाशातील धातूंच्या सूक्ष्म तंतूंची धूळ. हेतूच्या सव्यभिचारित्वाचा हा आक्षेप नेमका व तपासता येण्याजोगा होता. बहुसंख्य संशोधकांनी तो स्वीकारला नाही. पार्श्वप्रारण व दीर्घिकांची मांडणी यांची स्वतंत्र साक्ष त्यांना अधिक सबळ वाटली. नारळीकर मे २०२५मध्ये पुण्यात निवर्तले.

विश्वातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के वाटा आज या अज्ञाताच्या नावे मांडला जातो. तो स्थिरांकच आहे काय, हाही प्रश्न आता उघडा झाला आहे. अ‍ॅरिझोनातील दुर्बिणीवरील 'डेसी' या वर्णपटमापकाच्या २०२४ व २०२५ सालच्या निष्कर्षांची अन्य निरीक्षणांशी सांगड घातली असता ही ऊर्जा कालौघात क्षीण होत असावी असे सूचित होते. मात्र शोध म्हणून मान्य होण्यास लागणारी निश्चिती त्यास लाभलेली नाही.