जुनं संगीत जपायचं म्हणजे काय जपायचं?

मंडळी, दासगावाहून गोवा महामार्गाने मुंबईला निघालात की पनवेलजवळ पळस्पे लागतं.  तिथे ध्रुपदाचं गुरुकुल उभं केलं, बरं का, उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी.

डागर घराणं मूळ गायकांचं. रुद्रवीणा घरात असायची ती गळ्याच्या रियाजापुरती. कारण साधं आहे. तिचा आवाज लहान, सूर लवकर विरतो; आणि ध्रुपदाचा आलाप तर एकेका सुरावर थांबणारा. मग उस्तादांनी काय केलं? तुंबे मोठे केले, दांडी जाड केली, मिजराब काढून उघड्या बोटांनी तार छेडली. सूर खोल झाला, लांबला.

युरोपातही असंच घडलं. हार्पसिकॉर्ड म्हणजे तार खुडून वाजणारं पट्ट्यांचं वाद्य. पियानो आला आणि ते मागे पडलं. वांडा लांडोव्स्का या वादक-अभ्यासक बाईंनी १९१२ मध्ये प्लेयेल कंपनीकडून ते नव्या, दणकट बांधणीचं करून घेतलं. पुढे जाणकार म्हणाले, हे जुनं वाद्यच नव्हे!

आक्षेप खोटा नाही. पण जपायचं काय, वाद्याचं माप की त्यातलं संगीत? उस्तादांनी संगीत निवडलं. म्हणून आज त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन डागर तो आलाप मैफलीत वाजवतात, आणि आपण तो ऐकू शकतो.