सचिनचं खोकं आणि यकृताची दवंडी

मुंबईहून निघालेली गाडी नवसारी, मरोली मागे टाकते आणि सुरत यायच्या आधी सचिन नावाचं स्टेशन लागतं. पाटी वाचून मराठी माणसाला क्रिकेटच आठवतं. पण या गावाचं आपल्याशी नातं त्याहून कितीतरी जुनं. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या बाळू मियाँने 1791 मध्ये जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना सोडला आणि बदल्यात सुरतेजवळची ही गावं मिळवली. त्यातून उभं राहिलेलं सचिन संस्थान 1948 पर्यंत टिकलं.

आज सचिन म्हटलं की जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत. कापड, रंग, रसायनं. आणि त्या गर्दीत एक माल असा, जो आपण न बघताच वापरतो: रक्ततपासणीची किट. सुरतेच्या स्पॅन डायग्नॉस्टिक्सचा कारखाना इथलाच. 2015 मध्ये तिचा हा व्यवसाय जपानमधल्या क्योतोच्या आर्करे कंपनीने घेतला. सुरतेतल्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या दाराशी बनणाऱ्या या मालाच्या गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत.

नाव पडलं ते जंतूमुळे

करोनाच्या काळात घराघरात पोचलेल्या सीआरपीचा शोध 1930 सालचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूतला ‘सी’ नावाचा घटक त्या रक्ताच्या सीरममध्ये घातला की साका बसायचा. रुग्ण बरा झाला की साका बंद! म्हणून पुढे नाव पडलं ‘सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन’. हे प्रथिन जंतूचं नव्हे, आपलंच. आपल्या यकृतात तयार होणारं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-6 नावाचा निरोप्या यकृताकडे धावतो आणि यकृत दवंडी पिटतं. या निरोप्याचा जनुक 1986 मध्ये हाती लागला तो ओसाकात, म्हणजे क्योतोच्या शेजारी.

ही दवंडी हजारपट मोठी होऊ शकते. पण आग कुठे लागली ते ती सांगत नाही. दाढेत, फुप्फुसात की गुडघ्यात, ते डॉक्टरांनीच शोधायचं. शिवाय ती उशिरा सुरू होते. दाह सुरू झाल्यावर सहा-आठ तासांनी पातळी चढू लागते आणि साधारण दोन दिवसांनी शिखर गाठते. ताप भरल्याबरोबर धावत जाऊन केलेल्या तपासणीत आकडा साधा आला, तर निर्धास्त होऊ नका. उतरताना मात्र हिशेब पक्का: नवं तयार होणं थांबलं की दर 19 तासांनी रक्तातलं सीआरपी निम्मं होतं. म्हणूनच मला एका आकड्यापेक्षा दोन दिवसांचे दोन आकडे जास्त मोलाचे वाटतात.

थर्माकोलचा भाऊबंद

गल्लीतल्या लॅबमध्ये काळ्या काचपट्टीवर दुधासारखा थेंब टाकतात, तो ‘लॅटेक्स’. नाव रबराच्या चिकाचं, पण आत असतात पॉलिस्टायरीनचे मणी. पूर्वी गणपतीच्या मखरात असायचं ते थर्माकोल याच प्लास्टिकचं! मणी इतके बारीक, की एका मिलिमीटरच्या रेघेत हजाराहून जास्त बसतील. प्रत्येक मण्यावर सीआरपीला धरणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. रुग्णाचं सीरम मिसळून पट्टी दोन मिनिटं हलवायची. दूध फाटल्यासारखे कण दिसले, तर सीआरपी वाढलंय.

आता यातली खरी गंमत. सीआरपी फारच जास्त असेल, तर कण दिसतच नाहीत! दोन मण्यांना जोडायला एक सीआरपी मध्ये हवं. इथे तर प्रत्येक प्रतिपिंडाला स्वतंत्र सीआरपी मिळतं, मग जोडणार कोण? अति तिथे माती. सर्वांत आजारी माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह येण्याचा हा धोका. जाणता तंत्रज्ञ अशा वेळी सीरममध्ये सलाइन घालून ते पातळ करतो आणि पुन्हा बघतो. त्या दुसऱ्या थेंबाला मी सलाम करते.

मोहरीच्या भावकीतला रंग

इंटरल्यूकिन-6 मात्र रक्तात इतकं थोडं असतं, की ते काचपट्टीवर दिसत नाही. त्याला लागते एलायझा ही चाचणी, 1971 मध्ये स्वीडनमध्ये एंगव्हाल आणि पर्लमान यांनी मांडलेली. (त्याच वर्षी नेदरलँड्समध्येही तीच कल्पना फळली.) ती होते 8 गुणिले 12, म्हणजे 96 वाट्यांच्या प्लेटमध्ये. ही प्लेट आली हंगेरीतून. ताकात्सी नावाच्या डॉक्टरने 1951 मध्ये फ्लूच्या तपासण्यांसाठी तिचा पहिला अवतार घडवला. वाटीत निळा रंग आणणारं एन्झाइम बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळातून येतं. हे मूळ मोहरीच्या कुळातलं. भारतातल्या इंग्रजांना ते मिळेना, तेव्हा ते शेवग्याचं मूळ किसून खात. इंग्रजीत शेवग्याला ‘हॉर्सरॅडिशचं झाड’ म्हणतात ते म्हणूनच. शेवटी आम्ल घातलं की निळ्याचा पिवळा होतो आणि यंत्र तो पिवळा रंग मोजतं.

बर्फाला टेकू नका

लॅटेक्सचं किट ठेवायचं 2 ते 8 अंशांत. सुरतेच्या मे महिन्यात ते सांभाळणं कठीण, म्हणून कुणी बाटली सरळ बर्फाला टेकवून पाठवतं. तिथेच घात होतो. लॅटेक्स गोठलं की मणी आपसातच चिकटतात आणि ठणठणीत माणसाच्या सीरममध्येही कण दिसू लागतात. ही चूक पकडायला खोक्यात एक छोटी बाटली दिलेली असते, निगेटिव्ह कंट्रोलची. तिच्या थेंबात कण दिसले, तर किट फेकून द्यायचं. तो एक थेंब वाचवणाऱ्या लॅबचा रिपोर्ट मी तरी मानणार नाही.