पाऊस, पंचाहत्तर टक्के आणि पनवेल

ऑगस्ट २०२५ मधल्या त्या मंगळवारच्या सुट्टीची बातमी आता शिळी झाली. रेड अलर्ट, रायगड जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांना सुट्टी, कुर्ल्याकडे रुळांवर पाणी, हार्बर लोकल ठप्प. स्वातंत्र्यदिन, दहीहंडी, रविवार, धुवाधार सोमवार आणि पाठोपाठ १९ ऑगस्टची ही सुट्टी, असा आठवडा तुकड्यातुकड्यांत गेला. पुढच्या बुधवारी गणपती येणार होते आणि ते गेले की लगेच इंटर्नल, जर्नल, सबमिशन. अशा दिवसांत पनवेलच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर कान दिला, तर ‘मूड’ हा शब्द वाक्यागणिक ऐकू येतो. मूड नाही, मूड गेला, अभ्यासाचा मूडच येत नाही. खापर फुटतं ते पावसावर. मोबाइलवरच्या रील्सनी या अवस्थेला ‘मान्सून ब्लूज’ असं नावही देऊन टाकलं आहे.

माझं म्हणणं असं, की पनवेलच्या मुलांचा मूड पाऊस फारसा ठरवत नाही. तो ठरतो घरापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्यावर.

आधी शास्त्र काय म्हणतं ते पाहू. थिओ क्लिमस्ट्रा या डच मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेदरलँड्समधली किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या आया यांच्याकडून त्यांनी रोजच्या मनःस्थितीच्या नोंदी घेतल्या आणि त्या-त्या दिवसाच्या हवामानाशी ताडून पाहिल्या. त्यातून माणसांचे चार गट निघाले. जवळजवळ निम्म्या लोकांच्या मनावर हवामानाचा म्हणावा असा परिणामच दिसला नाही. काहींना ऊन मानवत होतं, काही उन्हाने चिडत होते. पावसाने ज्यांचं मन खरोखर खालावतं असा ‘पाऊसद्वेष्टा’ गट सर्वांत लहान निघाला, दहात एक म्हणावा इतकाही नाही. त्याआधी २००८ मध्ये जर्मनीत हजाराहून अधिक लोकांच्या ऑनलाइन डायऱ्यांवरून झालेल्या अभ्यासातही हवामानाचा सरासरी परिणाम अगदी किरकोळ आढळला होता. माणसामाणसांतला फरक मात्र मोठा होता.

यावर कुणी म्हणेल, युरोपातला पाऊस तो काय! आक्षेप रास्त आहे. नेदरलँड्समध्ये वर्षभरात साधारण साडेआठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्या उत्तर कोकणात एकटा जुलै तेवढा पाऊस देऊन जातो. म्हणून तिथले निष्कर्ष जसेच्या तसे इथे चिकटवता येणार नाहीत. पण ‘ब्लूज’ची कल्पनाही तिकडूनच आलेली आहे, हे विसरू नये. हंगामी नैराश्याचं पहिलं पद्धतशीर वर्णन नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. रोझेंथाल मूळचा जोहान्सबर्गचा. अमेरिकेत आल्यावर तिथल्या हिवाळ्यात आपली उमेद गळते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्या आजाराचं नातं आहे उत्तरेकडच्या तोकड्या दिवसांशी. पनवेलला जूनअखेरीस दिवस तेरा तासांहून मोठा असतो. इथे दिवस लांबच राहतो, फक्त अंधारून येतं.

या अंधारून येण्याचा परिणाम मात्र होतो. स्वच्छ उन्हात उघड्यावर लाखभर लक्स उजेड असतो. दाटून आलेल्या दुपारी तो काही हजारांवर येतो, आणि ट्यूबलाइटच्या वर्गात जेमतेम दोन-तीनशे उरतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम बघणं नसून मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची वर्दी देणं असतं. त्यांचा शोध या शतकाच्या सुरुवातीला लागला. सकाळी त्यांना पुरेसा उजेड मिळाला नाही, तर घड्याळ मागे रेंगाळतं आणि रात्री झोप लवकर येत नाही. त्यात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचं घड्याळ मुळातच उशिरा चालणारं असतं. सकाळच्या पहिल्या लेक्चरला डोळे मिटत असतील, तर त्यात आळसापेक्षा उजेडाचा वाटा मोठा आहे. त्यावर उपायही साधा आहे. खिडकीशेजारचा बाक धरावा आणि पाऊस थांबला की दहा मिनिटं उघड्यावर जावं.

आता पनवेलकडे येऊ. खांदा कॉलनीत राहणारा मुलगा छत्री घेऊन दहा मिनिटांत चांगू काना ठाकूर महाविद्यालयात पोहोचतो. त्याच वर्गात पेण-नागोठण्याकडून दिवा-रोहा मेमूने येणारी मुलगी असते. कर्जत-खोपोलीकडून एसटीने येणारा कुणी असतो. नवी मुंबई विमानतळाच्या कडेला, डुंगी-पारगावच्या बाजूला राहणारा कुणी असतो. भरावामुळे तिथे गेली काही वर्षं पावसाचं पाणी घरात शिरतं. उलट्या दिशेने पनवेलची कितीतरी मुलं मुंबईच्या कॉलेजांत जातात. सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाहून जास्त प्रवास, तोही गाडी वेळेवर असेल तर. चुनाभट्टी-कुर्ल्याला पाणी भरलं की मानखुर्दच्या पुढचं काही सांगता येत नाही.

हे पाणी साचतं का, तेही पाहायला हवं. माथेरानच्या डोंगररांगांवर पडलेला पाऊस गाढी नदीतून पनवेलकडे उतरतो आणि खाडीला मिळतो. खाडीला भरती असेल तेव्हा नदीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. कळंबोली-कामोठ्यासारखा सखल भाग सिडकोने भराव घालून वसवला. तिथलं पाणी भरतीच्या वेळी साठवून ठेवायला आणि ओहोटीला सोडून द्यायला धारण तलाव आहेत. ते गाळाने भरले की पाणी रस्त्यावर येतं. म्हणून कळंबोलीच्या मुलीने सकाळी पावसाच्या अंदाजासोबत भरतीची वेळ पाहणं हा शहाणपणा आहे. तिचा त्या दिवसाचा मूड अर्धा तिथेच ठरतो.

भिजलेल्या सलवारीत किंवा जीन्समध्ये पंख्याखाली सलग चार तास बसणं काय असतं, हे ज्याने केलं आहे त्यालाच कळेल. दप्तरात पिशवीत गुंडाळलेलं जर्नल, पिशवीत मोबाइल, मोज्यांना कुबट वास. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या वजन करता करता पाणी सुटून चिकट होतात आणि टायट्रेशनचं उत्तर चुकतं. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सचा कागद मशीनमध्ये अडकतो. या बारीकसारीक गोष्टी दिवसभर साचत जातात आणि संध्याकाळी मुलगा म्हणतो, मूड नाही. भजी, कविता आणि खिडकीतला पाऊस हे ज्याला कोरड्या कपड्यांत घरी बसता येतं त्याचं सुख आहे. मुलांनाही ते मिळावं, पण त्यासाठी आधी कपडे कोरडे हवेत.

इथे मला आवडणारा एक अभ्यास सांगितल्याशिवाय राहवत नाही. उरी सायमनसन या संशोधकाने २०१० मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवली. अभ्यासासाठी कडक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकी विद्यापीठाला प्रवेशापूर्वी भेट देणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंद त्याने घेतली. भेटीच्या दिवशी आभाळ जितकं भरलेलं, तितकी त्या विद्यार्थ्याने तिथेच प्रवेश घेण्याची शक्यता अधिक! त्याचं स्पष्टीकरण असं, की ऊन असलं की मन बाहेर धावतं आणि ढग असले की अभ्यास जड वाटत नाही. याच माणसाच्या २००७ च्या अभ्यासात, ढगाळ दिवशी अर्ज तपासणारे अधिकारी विद्यार्थ्याच्या गुणांना जास्त वजन देत असल्याचं दिसलं होतं. सिडनीतल्या एका दुकानात झालेल्या प्रयोगात पावसाळी दिवशी गिऱ्हाइकांना काउंटरवरच्या वस्तू जास्त नीट आठवल्या. असे अभ्यास थोडे आहेत आणि एका प्रयोगावर इमारत उभी करू नये, हे मान्य. तरी मला त्यांत तथ्य वाटतं. पावसाळा अभ्यासाचा शत्रू आहे हे आपण गृहीत धरलं आहे, ते एकदा तपासून पाहायला हवं. कोरडी, उजळ, उशिरापर्यंत उघडी असलेली लायब्ररी मिळाली, तर जुलै-ऑगस्टचे हे दिवस वर्षातले सर्वांत चांगले अभ्यासाचे दिवस ठरू शकतात. याच दिवसांत मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाच्या तालमीही रंगतात, आणि पत्र्यावर पाऊस वाजत असताना संवाद फेकायला शिकलेला आवाज पुढे कुठल्याही नाट्यगृहात पोहोचतो.

पावसाने चढणारा मूडही असतो आणि त्याबद्दल मला काळजी वाटते. प्रबळमाची, कलावंतीण, कर्नाळा, गाढेश्वर ही नावं पहिल्या सरीबरोबर ग्रुपवर येतात. धरण आणि धबधब्यांच्या परिसरात बंदीचे आदेश दरवर्षी निघतात आणि दरवर्षी मोडले जातात. खारघरच्या पांडवकड्याजवळ ऑगस्ट २०१९ मध्ये चार विद्यार्थिनी वाहून गेल्या. पाणी असं अचानक का येतं? पाऊस वर डोंगरात पडतो, खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर कदाचित थेंबही नसतो, आणि अरुंद ओढ्यात काही मिनिटांत लोंढा उतरतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, की त्याच क्षणी काठावर यायचं. हे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गात जूनमध्ये सांगितलं गेलं पाहिजे.

आणि याच डोंगरांच्या कुशीत ज्यांची घरं आहेत, त्यांचा पाऊस निराळा असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. पनवेल-खालापूरच्या ठाकूरवाड्यांतून कॉलेजला येणाऱ्या मुलाला रात्रभर पाऊस लागला की झोप लागत नसेल, तर त्याला ‘ब्लूज’ म्हणू नये. ती रास्त भीती आहे. त्याच्यासाठी समुपदेशनाइतकीच गरज आहे सुरक्षित जागी घराची आणि पावसाळ्यापुरत्या वसतिगृहाची.

मूड असा रस्त्यावर ठरत असेल, तर मुद्दा येतो हजेरीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर. मुंबई विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे सत्रात तेवढी हजेरी लागते. कमी भरली की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, पालकांना बोलावणं, हमीपत्र. सुट्टी जाहीर झालेला दिवस कुणाच्या हजेरीतून कापला जात नाही. कापला जातो तो आदला दिवस, जेव्हा सुट्टी नसते, गाडी चाळीस मिनिटं उशिरा असते आणि पहिलं लेक्चर बुडालेलं असतं. खांदा कॉलनीतल्या मुलाची हजेरी भरते, नागोठण्याच्या मुलीची कापली जाते. दोघांनी सारखीच धडपड केलेली असते, किंबहुना तिने जास्त. योग्य कारण असेल तर सूट देण्याचा अधिकार नियमातच प्राचार्यांना आहे. मग मध्य रेल्वेने जाहीर केलेला खोळंबा हे योग्य कारण का मानू नये? त्यासाठी विद्यार्थ्याला अर्ज-विनंत्या करायला लावायचीही गरज नाही. कॉलेजने त्या दिवसाची नोंद स्वतःच ठेवावी आणि बाहेरगावच्या मुलांना पहिल्या दोन लेक्चरची सवलत द्यावी. जोडीला एक खोली, दोरी आणि चार पंखे, भिजलेले कपडे-रेनकोट वाळवायला.

मान्सून मुंबई परिसरातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो, सत्र परीक्षांच्या अगदी तोंडावर. म्हणजे ऑगस्टअखेरीसही बराच पावसाळा हातात असतो. गणपतीनंतर कॉलेजं उघडतात, त्या आठवड्यात हा निर्णय घेतला, तरी त्याच सत्राच्या डिफॉल्टर लिस्टमधून बरीच नावं वगळता येतील.