मजकूर हरवला असे वाटते तेव्हा

वीज गेली, संगणक बंद पडला आणि तासाभराचे लेखन वाया गेले, ही तक्रार आता केवळ कचेऱ्यांतूनच ऐकू येते असे नाही. ज्या घरात विद्यार्थी आहेत, गृहनिर्माण संस्थेचे इतिवृत्त लिहिणारे चिटणीस आहेत, किंवा निवृत्तीनंतर आठवणी लिहावयास बसलेले आजोबा आहेत, त्या घरातही ती नित्याची झाली आहे. परंतु अशा प्रसंगी खरे नुकसान पुष्कळदा वीज गेल्यामुळे होत नाही. वीज परत आल्यावर घाबऱ्या मनाने दाबलेल्या एखाद्या कळीमुळे ते होते, असे म्हटले तर वाचकांस कदाचित आश्चर्य वाटेल. म्हणून ही व्यवस्था आतून कशी चालते, हे एकदा निवांतपणे पाहून ठेवणे बरे.

आपण कळफलकावर जे लिहितो ते प्रथम संगणकाच्या चालू स्मृतीत राहते. ही स्मृती विजेवर जगते. ‘सेव्ह’ केल्याशिवाय मजकूर चकतीवरील मूळ फाइलीत उतरत नाही. या दोहोंमधली फट बुजवण्यासाठी बहुतेक लेखन-संपादक एक तात्पुरती फाइल मागे ठेवीत जातात. काम सुरळीत संपले की ती पुसून टाकतात. अपघात झाला तर ती राहून जाते, आणि तिच्यातून मजकूर परत उभा करता येतो.

येथे ‘व्हिम’ या संपादकाचे उदाहरण घेऊ. त्याचे कारण असे की, इतर संपादक ही सगळी उठाठेव पडद्याआड करतात, तर व्हिम ती आपल्यासमोर मांडतो आणि निर्णय आपल्याकडे सोपवतो. त्याचा पूर्वज ‘व्हीआय’ हा संपादक १९७६ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय यांनी लिहिला. त्या काळी अनेक माणसे एकाच मोठ्या यंत्राला दुरून जोडलेली असत, आणि मधली तार तुटणे ही नेहमीची गोष्ट होती. तेव्हा यंत्र अर्धवट मजकूर जपून ठेवी आणि त्याच्या धन्याच्या टपालपेटीत तशी चिठ्ठीही टाकी. पुढे ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनी १९९१ साली व्हिम प्रसिद्ध केला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये निधन होईपर्यंत त्याची जोपासना केली. हा संपादक विनामूल्य आहे. ज्यांना तो आवडेल त्यांनी युगांडातील किबाले येथील गरजू मुलांना साहाय्य करावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. लिनक्स प्रणालीवर काम करणाऱ्या मुलामुलींची व्हिमशी कधी ना कधी गाठ पडतेच.

व्हिमच्या तात्पुरत्या फाइलीला स्वॅप फाइल म्हणतात. मूळ फाइलीचेच नाव, आरंभी एक टिंब आणि शेवटी टिंब देऊन ‘एसडब्ल्यूपी’ ही अक्षरे, असे तिचे नाव असते. आरंभीच्या टिंबामुळे ती सर्वसाधारण यादीत दिसत नाही. लपलेल्या फाइलीही दाखव, असे सांगावे लागते. नेहमीच्या मांडणीत ती मूळ फाइलीच्या शेजारीच राहते. आपण २०० अक्षरे लिहिली, किंवा चार सेकंद हात थांबवला, की तोवरचा बदल तिच्यात नोंदला जातो. म्हणजे अचानक वीज गेली तरी सामान्यतः दोन-चार ओळींपेक्षा अधिक मजकूर जाऊ नये. अनेक शब्दलेखन-कार्यक्रमांत ही नोंद दहा मिनिटांनी एकदा होते, हे लक्षात घेता व्हिमची तत्परता उठून दिसते.

आता प्रत्यक्ष प्रसंग पाहू. समजा, आपली कन्या परगावी अभियांत्रिकीच्या वसतिगृहात राहते आणि महाविद्यालयाच्या संगणकाशी दुरून जोडून घेऊन प्रकल्पाचा अहवाल लिहिते. रात्री मध्येच जोडणी तुटते. दुसऱ्या दिवशी अहवाल द्यावयाचा आहे. सकाळी ती फाइल उघडते तो मजकुराऐवजी पडदाभर इंग्रजी सूचना येते. तिच्या आरंभी ‘ई ३२५’ हा क्रमांक आणि ‘अटेन्शन’ हा शब्द असतो, आणि शेवटी पाच-सहा पर्याय. काही तरी बिघडले आहे, ही ब्याद प्रथम दूर करावी, या भावनेने ‘डिलीट’ या पर्यायाची ‘डी’ कळ दाबली की रात्रीचे काम खरोखरच गेले! ते तोपर्यंत गेलेले नव्हते. उलट, जोडणी तुटल्याचा इशारा मिळताच व्हिमने जाता जाता सगळा मजकूर स्वॅप फाइलीत उतरवून ठेवला होता, आणि ती सूचना नेमके हेच सांगण्यासाठी आली होती.

तेव्हा ही सूचना संपूर्ण वाचावी. तिच्यात स्वॅप फाइल कोणाची, कोणत्या दिवशीची, कोणत्या यंत्रावर तयार झालेली, हे दिलेले असते. त्याखेरीज तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली, ‘मॉडिफाइड’ या शब्दापुढे होकार आहे की नकार. नकार असेल तर त्या बैठकीत न जपलेला असा बदलच झालेला नव्हता. मग गमावण्यासारखे काही नाही. दुसरी, ‘स्टिल रनिंग’ हे शब्द. ते दिसले तर ती फाइल दुसऱ्या खिडकीत अजून उघडी असण्याचा संभव आहे. अशा वेळी ‘क्यू’ दाबून बाहेर पडावे आणि ती खिडकी शोधावी. यंत्राचे नाव आपले नसेल, तर सहकाऱ्याला विचारल्याशिवाय काहीच करू नये. एकच फाइल दोघांनी एकदम सुधारली, तर जो शेवटी जपेल त्याचेच काम टिकते आणि दुसऱ्याचे निमूटपणे पुसले जाते. तिसरी गोष्ट म्हणजे मूळ फाइल स्वॅप फाइलीहून नवी असल्याचा शेरा. तो असेल तर अपघातानंतर कोणी तरी मूळ फाइलीला हात लावला आहे, आणि मग परत मिळणाऱ्या मजकुरावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्वॅप फाइल ही संपूर्ण नक्कल नव्हे. जो भाग बदललेला नाही तो तिच्यात असेलच असे नाही. तो व्हिम मूळ फाइलीतून घेतो आणि दोहोंची सांधजोड करतो. म्हणून अपघातानंतर ‘निदान जुनी प्रत तरी आणून ठेवू’ या सद्‌बुद्धीने मूळ फाइलीच्या जागी दुसरी प्रत ठेवणे घातक ठरू शकते. मूळ फाइल आणि स्वॅप फाइल, दोन्ही जशाच्या तशा राहू द्याव्यात. शक्य असेल तर प्रथम दोहोंची नक्कल दुसऱ्या एखाद्या कप्प्यात करून ठेवावी. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

यानंतर ‘रिकव्हर’ या पर्यायाची ‘आर’ कळ दाबावी. एकापेक्षा अधिक स्वॅप फाइली असतील तर व्हिम त्यांची यादी देऊन कोणती घ्यावी असे विचारतो. दुसरीच्या नावाचा शेवट ‘एसडब्ल्यूओ’, तिसरीचा ‘एसडब्ल्यूएन’, अशी शेवटची अक्षरे उलट्या क्रमाने चढत जातात. मजकूर पडद्यावर आला की हायसे वाटते, आणि पुष्कळजण येथेच थांबतात. त्यांनी थांबू नये. मजकुरात कोठे तीन प्रश्नचिन्हे एकापुढे एक आली आहेत का, ते शोधावे. काही ओळी सापडल्या नाहीत, किंवा अमुक ओळीपासून तमुक ओळीपर्यंत क्रम बिघडला असावा, असे वाटले तर व्हिम त्या जागी तशी खूण करून ठेवतो. ही खूण तशीच राहून छापील अहवालात गेली तर परीक्षकापुढे मोठी पंचाईत व्हावयाची.

परत आलेला मजकूर मूळ नावावर न लिहिता प्रथम वेगळ्या नावाने जपावा, आणि मग मूळ फाइल व नवी फाइल शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. दोन फाइलींतील फरक तेवढे रंगवून दाखवण्याची सोय व्हिममध्ये आहे. जे योग्य ते ठेवावे, आणि मगच जुनी स्वॅप फाइल आपल्या हाताने पुसावी. ती आपोआप पुसली जाईल अशी समजूत करून घेऊ नये. ती तशीच राहिली तर दर वेळी तीच सूचना येत राहते, आणि नेहमीचे झाले म्हणून ती न वाचता पुढे जाण्याची सवय लागते. तीन आठवड्यांनंतर कोणी तरी त्याच सवयीने ‘आर’ दाबतो, तीन आठवड्यांपूर्वीचा मजकूर पडद्यावर येतो, तो मूळ नावाने जपला जातो, आणि मधले सारे काम नाहीसे होते. ज्या साधनाने पहिल्या दिवशी तारले तेच असे बुडवते. दोष मात्र त्या साधनाचा नसतो.

स्वॅप फाइलींचा पसारा नको म्हणून ही सोयच बंद करावी, असा सल्ला जाणकार म्हणवणारे लोक कधी कधी देतात. तो सरसकट मानू नये, असे आम्हांस वाटते. पसाराच खुपत असेल तर ‘डिरेक्टरी’ या मांडणीत एक ठरावीक कप्पा नेमून देता येतो, म्हणजे सगळ्या स्वॅप फाइली तेथे जमतात. कप्प्याच्या नावाअखेर दोन तिरक्या रेघा द्याव्यात. मग स्वॅप फाइलीच्या नावात मूळ फाइलीचा संपूर्ण पत्ता येतो आणि दोन कप्प्यांतल्या दोन ‘अहवालां’ची गल्लत होत नाही. मात्र ज्या फाइलीवर अनेकजण आपापल्या यंत्रांवरून काम करतात, तिची स्वॅप फाइल शेजारीच राहू द्यावी. ती दुसरीकडे गेली तर सहकाऱ्याच्या व्हिमला तिचा पत्ताच लागणार नाही, आणि ‘येथे आधीच कोणी बसले आहे’ हा इशाराही त्याला मिळणार नाही.

सोय बंद ठेवणे शहाणपणाचे ठरेल असे प्रसंग थोडे आहेत. बँकेचे परवलीचे शब्द, मृत्युपत्राचा मसुदा, आजारपणाचे कागद असे काही उघड्या स्वरूपात दुसऱ्याच्या यंत्रावर लिहावे लागले, तर त्यातला काही भाग स्वॅप फाइलीतही उतरतो. मध्येच अपघात झाल्यास मूळ फाइल पुसली तरी ती लपलेली फाइल मागे राहते. अशा वेळी व्हिम सुरू करतानाच उणे चिन्ह आणि ‘एन’ अक्षर दिले की तेवढ्या बैठकीपुरती स्वॅप फाइल तयार होत नाही. अर्थात मग वीज गेली तर मजकूरही गेला, हे धरून चालावे. संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी तर याविषयी अधिकच सावध असावे. सर्वांना खुल्या असलेल्या कप्प्यात राहून गेलेल्या स्वॅप फाइलीतून कार्यक्रमाचा गुप्त भाग परक्याच्या हाती जाऊ शकतो.

आपल्या घरी व्हिम नसेल आणि मायक्रोसॉफ्टचा ‘वर्ड’ असेल, तर तेथील एक गैरसमज येथेच दूर करतो. नागमोडी रेघ आणि डॉलरचे चिन्ह यांनी ज्या छोट्या फाइलीचे नाव सुरू होते तिच्यात आपला मजकूर नसतो. दस्तऐवज कोणी उघडला आहे त्याचे नाव फक्त असते. मजकूर परत मिळवण्याची फाइल निराळी असते, आणि वर्ड पुन्हा सुरू झाल्यावर तो स्वतःच ती पुढे करतो. ‘ईमॅक्स’ या दुसऱ्या जुन्या संपादकात नावाच्या दोन्ही टोकांस जाळीसारखे चिन्ह असलेली फाइल दिसली, तर मात्र तिच्यात मजकूर असतो. ती पुसण्यापूर्वी उघडून पाहावी.

व्हिम वापरणाऱ्यांनी महिन्यातून एखाद्या दिवशी, हाती दुसरे काम नसताना, फाइलीचे नाव न देता केवळ ‘व्हिम’, उणे चिन्ह आणि ‘आर’ एवढेच लिहून पाहावे. त्या कप्प्यात व नेमून दिलेल्या जागी राहिलेल्या सर्व स्वॅप फाइलींची यादी तारखांसह समोर येते. ज्यांच्यापुढे बदल नसल्याची नोंद आहे आणि ज्या कोठेही चालू नाहीत, त्या पुसून टाकाव्यात. उरलेल्यांपैकी प्रत्येक आधी उघडून, ताडून, मग तिचा निकाल लावावा.