दूरध्वनीची पर्यायी वाट

जमाखर्च पत्रकात 'दूरध्वनी व्यवस्था' ही एका ओळीची बाब आहे. अहवाल वर्षात त्या ओळीपुढील रक्कम वाढलेली दिसेल. देणगीदारांना तिचा खुलासा करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

पावसाळ्यातील एका रात्री मुख्य इमारतीतील ईपीएबीएक्स यंत्र बंद पडले. वीज होती, डॉक्टर हजर होते, पण बाहेरून फोन लागत नव्हता. रुग्णालयाने फोन काढून ठेवला आहे, असा नातेवाइकांचा समज झाला आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. रक्तपेढीचा निरोप अखेर रिक्षाने आला.

पीआरआय लाइनवर एकाच वेळी 30 संभाषणे चालू शकतात. सोय मोठी, परंतु तिसांच्या तिसही एकाच यंत्रावर विसंबून असतात. म्हणून ओपीडीच्या इमारतीत दुसरे यंत्र बसवून दोन्ही एकमेकांस जोडली. ती दर काही सेकंदांनी परस्परांची विचारपूस करतात. उत्तर न आल्यास जाणारे फोन दुसऱ्या वाटेने वळविले जातात.

येणाऱ्या फोनची गोष्ट निराळी. बंद पडलेले यंत्र फोन पुढे पाठवूच शकत नाही, ही साधी बाब आम्हा वाणिज्य शाखेच्या माणसांना उशिरा उमगली. वळण दूरध्वनी कंपनीच्या केंद्रातच द्यावे लागते. दुसरी लाइन आम्ही मुद्दाम वेगळ्या कंपनीकडून व वेगळ्या रस्त्याने घेतली, कारण रस्ता खोदणारे यंत्र कंपनी पाहून केबल तोडीत नाही.

पहिल्या चाचणीत फजिती झाली. प्रत्येक यंत्र न उचललेला फोन दुसऱ्याकडे धाडू लागले, आणि एकच फोन फिरत राहून सर्व मार्ग अडवून बसला. आता एका यंत्राकडून आलेला फोन पुन्हा त्याच यंत्राकडे जात नाही, असा नियम घातला आहे.

मुख्य यंत्राबरोबर त्यावरील अंतर्गत फोनही मुके होतात. त्यामुळे अपघात विभाग, अतिदक्षता विभाग व चौकशी कक्षात दोन्ही यंत्रांचे एकेक फोन ठेवले आहेत. अपघात विभागातील जुना तांब्याच्या तारेचा फोन काढण्याची सूचना आली होती; ती आम्ही मान्य केली नाही. त्याला लागणारी वीज केंद्राकडून तारेतूनच येते, आमच्या यूपीएसवर तो अवलंबून नाही.

दरमहा एका रविवारी पहाटे आम्ही मुख्य यंत्र स्वतःहून बंद करून पाहतो. त्या वेळी फोन दुसऱ्या इमारतीत उचलला गेल्यास नातेवाइकांनी गोंधळून जाऊ नये. वॉर्डाचे नाव सांगावे, निरोप पोहोचविला जाईल.