न बोलता धरलेले छत्र

घरातील वडीलधाऱ्यांनी केलेला उपदेश आपल्या स्मरणात राहतो, कारण तो कानांवर पडलेला असतो. परंतु आपल्यासाठी त्यांनी न बोलता जे करून ठेवलेले असते, ते कळावयास निम्मे आयुष्य जावे लागते. आणि कळते तेव्हा पुष्कळदा पाया पडावयास समोर कोणी उरलेले नसते.

आमचे आजोबा भालकी तालुक्यातले. निजामाच्या राजवटीत कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. आजोबा त्या भाषेत तरबेज झाले आणि एका कचेरीत अहलकार म्हणून लागले. घरात मराठी, हिशेबाच्या वहीत मोडी, बाजारात बोलण्यापुरती कन्नड असा त्यांचा व्यवहार चाले.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्हा दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्यात आले. आत्याचे सासर उदगीरचे. तिचे सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात पडले. आजोबांनी तेव्हा चाळिशी ओलांडली होती. ज्या भाषेवर त्यांनी हयात उभी केली, तिचे कागद हळूहळू कपाटात गेले. मागून आलेली, कन्नड लिहिता येणारी माणसे त्यांच्या पुढे गेली. याविषयी तक्रारीचा एक शब्दही घरात कोणी ऐकला नाही.

मी मराठी शाळेत तिसरीत होतो, तेव्हाची गोष्ट. एके दिवशी आजोबांनी माझ्या हाती तुरीच्या डाळीची पिशवी दिली आणि म्हणाले, "अप्पांकडे देऊन ये. आणि हे बघ, त्यांना हल्ली नीट दिसत नाही. थोडं वर्तमानपत्र वाचून दाखव."

अप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त कन्नड शिक्षक. मला कन्नड बोलता येई. अक्षरे मात्र येत नव्हती. "मग काय झालं, मी सांगतो की," असे म्हणून अप्पांनी मला ओट्यावर बसवून घेतले. पहिले काही महिने मथळे, मग बातम्या, मग अग्रलेख. एका वृद्धाची आपण सेवा करीत आहोत, या समजुतीने मी रोज संध्याकाळी तेथे जात असे.

१९८१ च्या जानेवारीत गोकाक समितीचा अहवाल आला. माध्यमिक शाळांत कन्नडला प्रथम भाषेचे स्थान द्यावे, या मागणीसाठी १९८२ साली मोठे आंदोलन झाले. सीमाभागातील मराठी घरांत चिंता पसरली. आपल्या मुलांचे कसे होणार, यावर पारापारांवर चर्चा रंगत. मला मात्र कसलेही भय वाटले नाही, आणि ते का वाटत नाही याचा विचारही मी केला नाही. पुढे सरकारी नोकरीत कन्नडची परीक्षा द्यावी लागली, तेव्हा ती सहज पार पडली. मी मराठीत एम. ए. झालो, मराठी शाळेचाच मुख्याध्यापक झालो. कन्नडने माझी वाट कोठेही अडवली नाही.

आजोबा गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मी अप्पांकडे गेलो. ते ओट्यावर एकटेच बसले होते आणि चष्म्यावाचून वर्तमानपत्रातील बारीक टाइप वाचीत होते. मी पाहतच राहिलो. अप्पा ओशाळून हसले आणि म्हणाले, "तुझ्या आजोबांनी वचन घेतलं होतं माझ्याकडून. शिकायला जा म्हटलं तर पोरगा पळेल, म्हणाले."

त्यानंतर आजोबांची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी एक जुनी वही सापडली. प्रत्येक पानावर डावीकडे मोडी अक्षर आणि उजवीकडे त्याच उच्चाराचे कन्नड अक्षर, पुन्हा पुन्हा गिरवलेले. चाळिशी ओलांडलेला तो माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात मुळाक्षरे घोटीत होता, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. जो घाव आपण सोसला तो नातवाला लागू नये, एवढीच त्यांची धडपड. आणि ती करताना त्या घावाचे ओझेही त्यांनी मजवर टाकले नाही.

अशी माणसे आपल्या परिसरात पुष्कळ होऊन गेली. नरहर कुरुंदकर शिक्षणासाठी हैदराबादला आपल्या मामांच्या, मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या घरी राहिले. मराठवाड्याला लाभलेल्या त्या थोर विचारवंताची जडणघडण पाहताना मामांचे घर नजरेआड करून चालत नाही.

आज माझ्या शाळेत पालक येतात आणि विचारतात, "सर, मराठी ठेवावी की सोडावी?" मी त्यांना अप्पांच्या ओट्याची हकीकत सांगतो. आजोबांनी मला मराठीपासून तोडले नाही आणि कन्नडपासून वंचितही ठेवले नाही. श्रावणात रोज रात्री ते मला 'पांडवप्रताप' वाचावयास बसवीत. चष्मा बरोबर लागत नाही, असे कारण सांगत. त्या कारणाविषयी आता मला दाट शंका येते.

माझी नात इंग्रजी शाळेत जाते. गेल्या श्रावणात मी तिला हाक मारली आणि म्हणालो, "बाळ, माझा चष्मा सापडत नाही. एवढं पान वाचून दाखवतेस का?"

चष्मा माझ्या खिशात होता.