मनोरुग्णास दाखल करण्याची सोय व दूरच्या तालुक्यातील शेतकरी

मासिकात पेरणी, खत आणि बाजारभाव यांचीच चर्चा असावी, अशी आमच्या वाचकांची अपेक्षा असते व ती रास्त आहे. तथापि घरातील कर्ता मनुष्य मनाच्या आजाराने भ्रमिष्ट झाला, तर त्या घरची पेरणी आणि देणेघेणे दोन्ही मोडून पडतात, हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. बैल चारा सोडू लागला की आपण त्याच दिवशी पशुवैद्याकडे धाव घेतो. माणसाच्या बाबतीत मात्र देवऋषी, उतारा आणि लोकलज्जा यांत महिने निघून जातात.

आपल्या राज्यात शासनाची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चारच आहेत: पुण्यास येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांतील मंजूर खाटा येरवड्यास २५४०, ठाण्यास १८५०, नागपूरास ९४० आणि रत्नागिरीस ३६५, म्हणजे एकूण ५६९५. आकडा लहान नाही. पण या खाटा कोठे आहेत ते पाहावे. मराठवाड्याच्या वाट्यास या चारांपैकी एकही नाही. नांदेडहून पुणे चारशे किलोमीटरांहून अधिक आहे, आणि सिरोंचाहून नागपूर तीनशेहून अधिक. क्षुब्ध झालेल्या माणसास एवढा प्रवास करवणे म्हणजे भाड्याची गाडी, सोबत दोन-तीन धट्टेकट्टे पुरुष आणि दोन दिवसांची मजुरी बुडणे. सुगीच्या दिवसांत ही माणसे मिळावयाची कोठून? अशा वेळी कोणी खाटेस दोर बांधतो, कोणी पायात साखळी घालतो. ते क्रौर्याने होते असे आम्ही म्हणत नाही. बहुधा ते असहायतेने होते. पण परिणाम सारखाच. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका निवासस्थानास आग लागली, तेव्हा साखळीने जखडलेल्या रुग्णांस पळता आले नाही व २८ जण प्राणास मुकले.

साखळदंड आता कायद्यानेच निषिद्ध आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला आणि त्याच्या ९५व्या कलमाने रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. याच कायद्याच्या १८व्या कलमात म्हटले आहे की, मानसिक उपचारासाठी कोणासही लांबचा प्रवास करावा लागू नये. आणि जिल्ह्यात किमान सेवा शासनाने पुरविली नसेल, तर त्याच जिल्ह्यातील अन्य ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावा. दारिद्र्यरेषेखालील रुग्णास शासकीय ठिकाणी उपचार विनामूल्य आहेत, मग त्याच्याजवळ तसे कार्ड असो वा नसो. अंमल कसा होतो हा प्रश्न निराळा. परंतु हक्क कोणता आहे हे ठाऊक असल्यावाचून मागणी करता येत नाही.

दाखल करण्याच्या रीतीविषयी मोठा गैरसमज आढळतो. जुन्या कायद्यांत दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने रुग्णास ठेवून घेण्याची पद्धत होती. त्यामुळे आजही लोक प्रथम कोर्टकचेरीचा विचार करतात. आता त्याची गरज पडत नाही. रुग्ण राजी असेल तर तो स्वतःच अर्ज देऊन दाखल होतो. तो राजी नसेल आणि स्वतःस वा इतरांस इजा करीत असेल, किंवा स्वतःची निगा राखण्यास इतका असमर्थ असेल की त्याच्या जिवास धोका व्हावा, तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करू शकतो. रुग्णाने कोणास नेमलेले नसेल, तर नातेवाईकास ते काम करता येते. दोन जाणकारांनी, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ, रुग्णास स्वतंत्रपणे तपासावे लागते. अशा दाखल्याची मुदत तीस दिवस. पुढे ठेवावयाचे तर पुन्हा तपासणी व पुनरावलोकन मंडळाची मान्यता लागते. म्हणजे घरच्यांनी माणूस सोडून द्यावा व विसरून जावा, अशी सोय या कायद्याने ठेवलेली नाही. आणि आमच्या मते ते योग्यच झाले.

रात्रीबेरात्री अचानक प्रसंग ओढवला, तर थेट शंभर कोसांवर धावू नये. जिवास धोका असेल तेव्हा कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरास बहात्तर तासांपर्यंत तातडीचा उपचार करता येतो आणि रुग्णास जवळच्या मनोरुग्णालयात पोहोचविण्याची व्यवस्थाही त्यातच येते. यास्तव प्रथम ग्रामीण रुग्णालय गाठावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशातील चार जिल्ह्यांत सुरू झाला व पुढे पसरला. त्याच्या योजनेत जिल्हा रुग्णालयात दहा खाटांची तरतूद आहे. मनोविकारतज्ज्ञाची जागा भरलेली आहे काय आणि तो कोणत्या वारी बसतो, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. १४४१६ या क्रमांकावरील टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

बरोबर काय न्यावे? आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, रिकाम्या झालेल्या गोळ्यांची पाकिटे, ओळखीचा कागद, आणि शक्य तर आजार कधी व कसा सुरू झाला हे नीट सांगू शकेल असे घरातील एक माणूस. बहुधा ती घरची बाई असते आणि तिलाच मागे ठेवले जाते!

रुग्ण घरी परतल्यावर औषधे जिल्हा रुग्णालयातून मिळवीत राहावे. बरे वाटू लागले म्हणून कापणीच्या गर्दीत गोळ्या बंद करू नयेत. बंद करावयाच्या तर डॉक्टरास विचारूनच. आमच्या शाखांनी आपापल्या जिल्हा शल्यचिकित्सकास पत्र लिहून खाटा किती, तज्ज्ञ आहे काय व औषधांचा साठा पुरेसा आहे काय, असे विचारावे. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. हक्क नाकारला गेल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य वकील मागता येतो; त्यासाठी साधा अर्ज पुरतो.